बाळाला उत्तर कोण देतं?

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे साधारण तीन हजार वस्तीचं गाव आहे. १४ ऑगस्ट २०२२ रोजी तिथं महिलांची ग्रामसभा भरली आणि एक गोष्ट ठरली. रोज संध्याकाळी सातला भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजायचा, तो वाजला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद करायचे आणि साडेआठला भोंगा पुन्हा वाजेपर्यंत ते बंदच ठेवायचे. सरपंच विजय मोहिते यांनी पुढाकार घेतला. हे जमेल का, अशी शंका सुरुवातीला होतीच. पण आशा ताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले आणि गावानं ते मनावर घेतलं. कोरोनाच्या काळात शाळा मोबाईलमध्ये आली होती. शाळा पुन्हा भरल्या तरी मोबाईल काही पोरांच्या हातून सुटेना, ही त्यामागची काळजी होती.

या भोंग्याच्या बातम्या देशभर झाल्या आणि त्यांतली छायाचित्रं पुस्तक उघडून बसलेल्या शाळकरी मुलांची होती. त्या दीड तासाचा सगळ्यात मोठा लाभ मात्र, माझ्या मते, अजून शाळेचं तोंडही न पाहिलेल्या पोराला होतो. ते कडेवर असतं, रांगत असतं किंवा चुलीपाशी लुडबुडत असतं. त्याचा कान अजून घडतो आहे, जीभ अजून वळायची आहे, आणि घरातल्या यंत्रांबद्दल त्याला तक्रारही करता येत नाही. सातारा-सांगलीच्या घरांत जन्म ते तीन वर्षांपर्यंतच्या मुलाचं ऐकणं-बोलणं कसं घडतं, टीव्ही-मोबाईल त्यात नेमके कुठे आड येतात, कुठे उपयोगी पडतात, आणि मोबाईलला दोष देण्याच्या नादात आपण काय नजरेआड करतो, याचा हा आढावा.

बाळाचं ऐकणं जन्माआधीच सुरू झालेलं असतं. गर्भारपणाच्या सहाव्या-सातव्या महिन्यात आतला कान कामाला लागतो आणि आईचा आवाज तिच्या शरीरातूनच बाळापर्यंत पोचतो. अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर या अमेरिकी संशोधकांनी १९८० साली जेमतेम दोन-तीन दिवसांच्या बाळांच्या तोंडात चोखणी दिली. एका लयीत चोखलं की आईचा आवाज ऐकू यायचा, दुसऱ्या लयीत चोखलं की परक्या बाईचा. बाळं आईचा आवाज यावा म्हणून चोखण्याची लय बदलत होती. तेव्हा गर्भसंस्काराच्या नावाखाली पोटाला हेडफोन लावायची काहीच गरज नाही. आई नेहमीसारखी बोलली, कामं करताना गुणगुणली, तरी बाळाला पुरतं.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात बाळ हुंकार द्यायला लागतं. सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान ‘बाबाबा’, ‘दादादा’ सुरू होतं. वर्षाच्या आसपास पहिला अर्थाचा शब्द येतो आणि दुसऱ्या वाढदिवसापर्यंत पन्नासेक शब्द आणि ‘आई ये’, ‘दूदू दे’ अशी दोन शब्दांची जोडणी जमते. कुणी महिनाभर पुढे असेल, कुणी दोन महिने मागे. क्रम मात्र सहसा हाच.

हे सगळं बाळ शिकतं कशातून? सिएटलच्या पॅट्रिशिया कूल यांचा २००३ सालचा प्रयोग इथं फार मोलाचा आहे. इंग्रजी घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना त्यांनी चिनी भाषा ऐकवली. काही बाळांशी चिनी बोलणारी माणसं समोर बसून खेळली, वाचली, बोलली. काहींना त्याच माणसांची तीच सत्रं टीव्हीवर दाखवली आणि काहींना नुसता आवाज ऐकवला. बारा सत्रांनंतर समोर माणूस असलेली बाळं चिनीतले बारकावे ओळखू लागली होती. टीव्ही पाहणाऱ्या आणि नुसता आवाज ऐकणाऱ्या बाळांच्या पदरात काहीच पडलं नव्हतं. भाषा तीच, बोलणारी माणसंही तीच. फरक इतकाच, की पडद्यातला माणूस बाळाकडे बघून थांबत नव्हता आणि बाळानं काढलेल्या आवाजाला उत्तर देत नव्हता.

माझ्या मते सगळ्या प्रश्नाचा गाभा हाच आहे. बाळ आवाज काढतं तेव्हा त्याला उत्तर मिळतं का? घरातल्या प्रत्येक यंत्राला याच कसोटीवर तपासायला हवं. उत्तर मिळण्यात ते मदत करत असेल तर राहू द्या, आड येत असेल तर बाजूला करा. ‘स्क्रीन चांगला की वाईट’ या वादापेक्षा ही कसोटी आईवडिलांना जास्त उपयोगी पडेल.

एक साधा प्रसंग बघा. संध्याकाळी आजी ओसरीवर मेथी निवडत बसली आहे आणि दीड वर्षाची नात शेजारी. नात एक काडी उचलते आणि म्हणते, “ट्टा.” आजी म्हणते, “काडी व्हय? काडी टाक तिकडं.” नात टाकते, दुसरं काहीतरी उचलते. “आन् ह्ये काय?” आजी थांबते. नात पुन्हा “ट्टा”. “न्हाई, ह्ये पान. हिरवं हिरवं पान. दे बघू आज्जीला.” नात देते आणि हसते. अर्धं मिनिटसुद्धा झालेलं नाही. तेवढ्यात आजीनं नातीचा अर्धा शब्द पूर्ण करून परत दिला, त्यात नवा शब्द घातला, प्रश्न विचारला आणि उत्तरासाठी थांबली. ती थांबते तेव्हाच पोरीची पाळी येते, म्हणून ते थांबणं सगळ्यात महत्त्वाचं. केंब्रिज-बोस्टनकडच्या संशोधकांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांच्या घरांतलं बोलणं ध्वनिमुद्रित केलं आणि मुलं गोष्ट ऐकत असताना त्यांच्या मेंदूची चित्रं घेतली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असं दिसलं, की मुलाच्या कानावर पडलेल्या एकूण शब्दांपेक्षा अशा देवाणघेवाणीचा भाषेशी संबंधित मेंदूच्या भागातल्या हालचालीशी अधिक जवळचा संबंध आहे. त्यासाठी शिकलेलीच आजी लागते असं मुळीच नाही.

आता त्याच ओसरीच्या आतल्या खोलीत टीव्ही चालू आहे असं धरा. कुणी टक लावून बघत नाही, नुसता चालू आहे. साडेसहापासून एकामागून एक मालिका लागतात, मध्ये कुकरची शिट्टी, मिक्सर, कुणाच्या तरी हातातली रिल्स. मोठ्यांना त्यात अडचण वाटत नाही. आपल्याला भाषा येते, त्यामुळे गोंगाटात अर्धं वाक्य हरवलं तरी आपण ते मनातल्या मनात भरून काढतो. बाळाला ते भरून काढता येत नाही, कारण तेच तर त्याला शिकायचं आहे. गोंगाटातून बोलणं वेगळं काढायला लहान मुलाला मोठ्या माणसापेक्षा कितीतरी स्वच्छ आवाज लागतो. शिवाय टीव्ही चालू असला की मोठी माणसंही गप्प होतात. दिमित्री ख्रिस्ताकिस आणि सहकाऱ्यांनी २००९ साली चार वर्षांपर्यंतच्या ३२९ मुलांच्या अंगावर ध्वनिमुद्रक लावून मोजलं, तेव्हा ऐकू येणाऱ्या टीव्हीच्या प्रत्येक तासामागे मुलाच्या कानावर पडणारे मोठ्यांचे शब्द ७७० नी कमी भरले. २०२४ साली ऑस्ट्रेलियातल्या २२० कुटुंबांच्या अभ्यासातही हेच चित्र दिसलं. तीन वर्षांच्या मुलांमध्ये स्क्रीनच्या प्रत्येक जादा मिनिटामागे मोठ्यांचे सुमारे साडेसहा शब्द, मुलाचे पाचेक उच्चार आणि संवादाची एक फेरी कमी होत होती.

म्हणून पहिली सूचना सोपी आहे. बघायला कुणी नसेल तेव्हा टीव्ही बंद. मालिका बघूच नये असं मी म्हणत नाही. दिवसभर राबलेल्या बाईला अर्ध्या तासाची करमणूक हवीच. पण बातम्यांची वाहिनी सकाळपासून रात्रीपर्यंत नुसती चालू ठेवायची सवय आपल्या घरांत फार पसरली आहे, आणि ती मोडायला कुणाचं काही जात नाही.

मोबाईलबद्दल आधी आईवडिलांच्या हातातल्या मोबाईलविषयी बोलायला हवं. दोन वर्षांच्या मुलांना त्यांच्या आयांकडून दोन नवे शब्द शिकवण्याचा एक प्रयोग अमेरिकेत झाला; तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. एक शब्द शिकवताना मध्येच आईला फोन यायचा, दुसरा शिकवताना नाही. दोन्ही शब्द मुलांनी सारख्याच वेळा ऐकले होते. तरी फोननं तोडलेला शब्द मुलं शिकली नाहीत, न तोडलेला शिकली. म्हणजे मुलाच्या हातात फोन दिला नाही म्हणून सुटका होत नाही. बापाचं अर्धं लक्ष व्हॉट्सॲपवर असेल, तर समोर बसलेलं पोर त्या वेळेपुरतं एकटंच असतं.

आणि मग जेवताना दाखवला जाणारा मोबाईल. ‘मोबाईल लावल्याशिवाय घासच घेत नाही’ हे वाक्य विश्रामबागेच्या फ्लॅटमध्ये ऐकू येतं तसंच कोरेगावच्या वस्तीवरही. त्यामागची अडचण खरी आहे. सासू-जाऊ जवळ नाही, नवरा पाळीवर, स्वयंपाक, धुणं आणि कडेवर पोर. तिला दोष देऊन काही साधत नाही. पण घास भरवणं हा बाळाच्या दिवसातला बोलण्याचा सगळ्यात मोठा वेळ असतो. दिवसातून तीन-चार वेळा आई आणि बाळ समोरासमोर, दोघांचंही तोंड एकमेकांकडे. ‘आ कर’, ‘गरम आहे, फुंकर मार’, ‘काऊचा घास, चिऊचा घास’ हे सारं तिथं घडतं. त्या वेळेत पडदा आला की बाळ तोंड यंत्रासारखं उघडतं आणि आई गप्प होते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं, की दोन वर्षांच्या आतल्या बाळांना पडद्यासमोर बसवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला फार तर एक तास, तोही जितका कमी तितका बरा. आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचाही सल्ला जवळपास हाच आहे. दोन वर्षांच्या आत फक्त नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलला त्यांनी सूट दिली आहे.

ती सूट उगीच दिलेली नाही. २०१४ च्या एका प्रयोगात दोन-अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदं तीन प्रकारे शिकवली: समोर बसून, थेट व्हिडिओ कॉलवरून आणि आधी चित्रित केलेल्या व्हिडिओतून. पहिल्या दोन प्रकारांत मुलं शिकली, तिसऱ्यात नाही. पडदा दोन्हीकडे होता. कॉलवर मात्र उत्तर येत होतं. आपल्या भागासाठी हे फार महत्त्वाचं आहे. खानापूर, आटपाडी, तासगाव या तालुक्यांतले गलाई व्यावसायिक सोनं-चांदी गाळण्याच्या कामासाठी तमिळनाडूपासून पंजाबपर्यंत पसरलेले आहेत. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात घराघरातला एक तरी माणूस सैन्यात. जावळी-पाटणचे कितीतरी बाप मुंबईत माथाडी. या घरांत रात्री नऊचा व्हिडिओ कॉल म्हणजे बापाशी होणारी खरी भेट आहे. फोन भिंतीला टेकवून ठेवा, बाळाला मांडीवर घ्या, बापाला सांगा की बाळाच्या आवाजाची नक्कल करायची, नाव घेऊन बोलवायचं आणि थांबायचं. दहा मिनिटं पुष्कळ झाली.

बॅटरीवर बोलणाऱ्या खेळण्यांचं थोडक्यात सांगतो. संशोधक ॲना सोसा यांनी दहा ते सोळा महिन्यांच्या बाळांचं घरातलं खेळणं ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा बोलणाऱ्या-गाणाऱ्या खेळण्यांशी खेळताना आईवडील सगळ्यात कमी बोलत होते आणि चित्रांचं पुस्तक हातात असताना सगळ्यात जास्त. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरजवळ भिलार हे पुस्तकांचं गाव ४ मे २०१७ पासून आहे. तिथं जाणाऱ्यांनी बाळालाही घेऊन जावं. वाचता येत नसलं तरी चित्रावर बोट ठेवता येतं. घरात पुस्तकं नसतील तर वर्तमानपत्रातली पुरवणी, दिनदर्शिका, बियाण्याच्या पिशवीवरचं टोमॅटोचं चित्रसुद्धा चालतं.

पडद्यावरच्या भाषेचा प्रश्नही इथं येतो. हल्ली दोन-तीन वर्षांची मुलं आकाशाकडे बोट दाखवून इंग्रजी रंग सांगतात आणि कार्टूनमधल्या हिंदीत एकटीच बडबडतात. पण पाणी हवं असलं की नुसतं बोट दाखवतात. घरच्यांना इंग्रजीचं कौतुक वाटतं. दोन भाषा कानावर पडल्यानं बोलणं उशिरा येतं असं नाही. ती भीती मनातून काढून टाकावी. अडचण आहे ती पाठ केलेल्या शब्दांची. ते शब्द मागायला, नाकारायला, विचारायला उपयोगी पडत नाहीत, कारण ते कुणाशी बोलताना आलेले नसतात. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीचा अभ्यास करून १९७३ मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. पुढे फलटणलाच राहून त्यांनी प्रगत शिक्षण संस्था उभी केली, कमला निंबकर बालभवन चालवलं आणि मूल घरून जी भाषा घेऊन येतं तिथूनच त्याचं वाचन-लेखन सुरू व्हावं असा आग्रह धरला. तो आग्रह शाळेआधीच्या वयालाही तितकाच लागू आहे. ‘व्हय’, ‘न्हाई’, ‘कुटं’ म्हणणाऱ्या आजीनं बाळाशी पुस्तकी मराठी किंवा मोडकं इंग्रजी बोलायची काही गरज नाही. ज्या भाषेत ती रागावते, हसते, गोष्ट सांगते, त्याच भाषेत तिनं बोलावं.

आता ज्या मुद्द्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, त्याकडे येतो.

मूल दोन वर्षांचं झालं, बोलत नाही. पूर्वी घरात म्हणायचे, ‘याचा बापसुद्धा उशिराच बोलला होता’, ‘मुलगे उशिरा बोलतात’, ‘जीभ जड आहे, वेखंड उगाळून लावा’. हल्ली त्यात नवं कारण आलं आहे: ‘मोबाईल फार बघतो ना, म्हणून बोलत नाही.’ घरचे म्हणतात, शेजारी म्हणतात, कधी कधी डॉक्टरही म्हणतात. मोबाईल बंद करतात, सहा महिने वाट बघतात. त्या मुलाला ऐकूच येत नसेल तर ते सहा महिने कायमचे गेले. बोलण्याला उशीर झालेल्या कोणत्याही मुलाची पहिली तपासणी कानाची व्हायला हवी, मोबाईलची चर्चा त्यानंतर. हे वाक्य प्रत्येक अंगणवाडीच्या भिंतीवर रंगवावं असं मला मनापासून वाटतं.

घरच्या घरी हे ओळखू का येत नाही? कारण न ऐकू येणारं बाळही पहिले काही महिने हुंकार देतं, हसतं, रडतं. मागून ताट वाजवलं तर जमिनीच्या हादऱ्यानं, सावलीनं, वाऱ्याच्या झुळकीनंही ते वळतं. काहींना जाड आवाज ऐकू येतात पण ‘स’, ‘श’, ‘त’ ऐकू येत नाहीत; अशी मुलं हाक मारल्यावर बघतात, म्हणून कुणाला शंका येत नाही. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचलेलं मूल आठवडेच्या आठवडे, कानात बोळा घातल्यासारखं, अर्धवट ऐकत असतं आणि घरात त्याला हट्टी किंवा दुर्लक्ष करणारं ठरवतात. वाहणारा कान ‘वाहून वाहून थांबेल’ म्हणून सोडून दिला जातो.

जगभरात दर हजार बाळांपैकी एक-दोन बाळं कायमचं आणि लक्षणीय श्रवणदोष घेऊन जन्माला येतात. आपल्याकडच्या पाहण्यांत हे प्रमाण त्याहून जास्त भरतं. कमी दिवसांचं बाळ, काचेच्या पेटीत राहिलेलं बाळ, जन्मानंतर कडक कावीळ झालेलं बाळ, मेंदूज्वर झालेलं बाळ यांना धोका अधिक. आईला गर्भारपणात रुबेला झाला तर बाळाच्या कानावर परिणाम होऊ शकतो. गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ ला सुरू झाली, ती याही कारणासाठी महत्त्वाची होती. आणि एक गोष्ट आपल्या भागात स्पष्ट बोलायलाच हवी. मामाच्या मुलीशी लग्न ही दक्षिण महाराष्ट्रातली जुनी रीत आहे. आनुवंशिक बहिरेपणाचे कितीतरी प्रकार असे असतात, की आई आणि बाप दोघांकडूनही तोच दोष आला तरच बाळात दिसतो, आणि जवळच्या नात्यात तसं होण्याची शक्यता वाढते. अशा घरात आधी कुणी न ऐकणारं असेल, तर बाळाची तपासणी आणि लग्नाआधी सल्ला या दोन्ही गोष्टी टाळू नयेत. नात्याचा अपमान होईल या भीतीनं बरेच डॉक्टर हे विचारत नाहीत. विचारायला हवं.

तपासणी अवघड नाही. ‘ओएई’ नावाच्या चाचणीत झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ टोकाची बारीक नळी ठेवतात आणि हलके आवाज सोडतात. कान नीट असेल तर आतल्या कानातल्या केसपेशी त्याला प्रतिसाद म्हणून अतिसूक्ष्म आवाज परत पाठवतात आणि यंत्र तो टिपतं. काही मिनिटांचं काम, सुई नाही, दुखत नाही. जन्मल्यावर पहिल्या दिवसांत कानात चिकट द्रव असला तर निकाल ‘पुन्हा तपासा’ येतो; म्हणजे बाळ बहिरं आहे असा अर्थ नाही, पण पुन्हा न्यायलाच हवं. पेटीत राहिलेल्या बाळांना डोक्याला तारा चिकटवून करायची ‘बेरा’ चाचणीही लागते, कारण कान नीट असून पुढची नस काम करत नसेल तर नुसत्या ओएईत ते सुटतं. जगभर एक साधा नियम मानला जातो: एक महिन्याच्या आत प्राथमिक चाचणी, तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू. कोलोरॅडोतल्या क्रिस्टीन योशिनागा-इटानो यांनी १९९८ साली दाखवलं, की सहा महिन्यांच्या आत निदान झालेल्या मुलांची भाषा नंतर निदान झालेल्यांपेक्षा स्पष्टपणे सरस राहते.

आपल्याकडे चौकट आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याची फिरती पथकं अंगणवाड्यांमध्ये वर्षातून दोनदा येतात, जन्मजात बहिरेपणा त्यांच्या तपासणीच्या यादीत आहे आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवरच्या केंद्राची तरतूद आहे. साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, मिरज-सांगलीची शासकीय रुग्णालयं, कराडचं कृष्णा रुग्णालय अशी मोठी ठिकाणंही आहेत. केंद्र सरकारच्या ‘एडिप’ योजनेत उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या घरांतल्या, पाच वर्षांपर्यंतच्या जन्मतः न ऐकणाऱ्या मुलांना कॉक्लिअर इम्प्लांटसाठी मदत मिळते. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ते काम पाहते. तंत्रज्ञानानं भरलेल्या घराबद्दल बोलताना ही यंत्रंही मोजावीत. श्रवणयंत्र आणि इम्प्लांट ही बाळाला उत्तरापर्यंत पोचवणारी यंत्रं आहेत. लावायला लाज वाटते म्हणून डब्यात ठेवलेलं श्रवणयंत्र हे आपल्या गावांतलं फार दुःखद दृश्य आहे.

उणीव राहते ती वेळेची आणि अंतराची. वर्षातून दोनदा येणारं पथक अंगणवाडीत येणाऱ्या मुलाला बघतं, महिन्याभराच्या बाळाला नाही. उसाच्या हंगामात बीडकडून आलेल्या तोडणी कामगारांची पोरं कारखान्याच्या परिसरात कोपीवर असतात आणि दोन्हीकडच्या यादीतून सुटतात. इम्प्लांट बसवल्यानंतर दोन-तीन वर्षं बोलण्याचा सराव करून घ्यावा लागतो. जतच्या किंवा माणच्या आईला त्यासाठी दर आठवड्याला मिरज किंवा सातारा गाठायचं म्हणजे दिवसाची मजुरी, एसटीचं भाडं आणि धाकट्याला कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न. व्हिडिओ कॉलवरून वाचा-उपचार हा इथं खरोखर उपयोगी मार्ग आहे. उपचारतज्ज्ञ पडद्यावर, पण मुलाशी खेळणारी आईच. तिला शिकवायचं, तिनं घरी करायचं.

लवकर तपासणीची उदाहरणं दूर शोधायला नकोत. कोचीत २००३ पासून बालरोगतज्ज्ञांनी एकच यंत्र आणि एक प्रशिक्षित माणूस शहरातल्या प्रसूतिगृहांमधून फिरवला आणि प्रत्येकाला स्वतंत्र यंत्र घ्यायची गरज उरली नाही. नायजेरियात लागोस शहरात डॉ. बोलाजोको ओलुसान्या यांनी बीसीजी लसीच्या केंद्रांवरच कान तपासण्याची व्यवस्था करून पाहिली, कारण घरी बाळंत झालेली बाईसुद्धा लस टोचायला येतेच. आपल्या दोन जिल्ह्यांत दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींसाठी आई बाळाला घेऊन येतच असते. त्याच दिवशी, त्याच केंद्रात ओएईचं यंत्र असलं तर वेगळा हेलपाटा लागणार नाही. तालुक्याला एक फिरतं यंत्र ही जिल्हा परिषदेला न झेपणारी गोष्ट नाही.

कानाला इजा करणाऱ्या गोष्टींपैकी काही घरातल्याच आहेत. बाळाच्या कानात तेल घालू नये. मळ काढायला काडी, पिन, कापसाची कांडी काही घालू नये. झोपवण्यासाठी समुद्राचा किंवा पंख्याचा आवाज करणारी यंत्रं मिळतात. टोरंटोत २०१४ साली अशी चौदा यंत्रं तपासली, त्यातली तीन फूटभर अंतरावरून ८५ डेसिबलच्या वर गेली. इतक्या आवाजात आठ तासांपेक्षा जास्त काम करणं मोठ्या माणसालाही धोक्याचं मानतात. मुलांच्या हेडफोनसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल अशी आहे. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तर हेडफोनची गरजच नाही.

आणि मग डॉल्बी. गणपती, जयंत्या, लग्नाच्या वराती, सगळीकडे डॉल्बी. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांत आहे, ती या डॉल्बीच्या भिंतींपुढे कुणाला आठवत नाही. १०० डेसिबलला कान जेमतेम पंधरा मिनिटं सुरक्षित राहतो. अशा मिरवणुकीत बापाच्या खांद्यावर बसून वर्षा-दोन वर्षांची पोरं स्पीकरच्या भिंतीपुढून जाताना दिसतात. बाळाच्या कानाची नळी लहान, त्यात तोच आवाज आणखी जोरात आदळतो. मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्याची जवारी लावताना ते कारागीर जो कान लावतात, त्या कानाच्या जिल्ह्यात बाळांच्या कानांची ही गत व्हावी याचं मला फार वाईट वाटतं. केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

थोडं वादाच्या मुद्द्यांबद्दलही. वर दिलेले बरेच अभ्यास दोन गोष्टी सोबत दिसतात एवढंच सांगतात. स्क्रीन जास्त असलेल्या घरात आई एकटी असेल, थकलेली असेल, घरात पैशाची ओढ असेल. उशिराचं कारण तेही असू शकतं. १९९५ मध्ये हार्ट आणि रिझली यांनी अमेरिकेतल्या ४२ कुटुंबांवरून गरीब घरांतली मुलं कोट्यवधी शब्द कमी ऐकतात असं मांडलं, ते फार गाजलं; २०१८ च्या एका अभ्यासानं त्याला आव्हान दिलं, कारण भोवतीच्या काकी, आजी, भावंडं यांचं बोलणं पहिल्यात नीट मोजलेलं नव्हतं. आपल्या वाड्या-वस्त्यांवरच्या घरांबद्दल निष्कर्ष काढताना हे ध्यानात ठेवावं. मोबाईलनं स्वमग्नता येते असंही सर्रास बोललं जातं. ते सिद्ध झालेलं नाही. नजर न देणारं, नावाला न वळणारं, बोट न दाखवणारं मूल तज्ज्ञाला दाखवावं. आईनं मोबाईल दिला म्हणून हे झालं असं तिच्या माथी मारू नये.

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २०२४ मध्ये ‘नवचेतना’ नावाचा जन्म ते तीन वर्षांसाठीचा आराखडा आणला आहे. बाळाशी घरी कसं बोलावं-खेळावं हे अंगणवाडी ताईनं आईला दाखवावं, अशी त्यात अपेक्षा आहे. ताईच्या मागे आहार, वजन, नोंदी यांचं काम इतकं आहे, की ग्रामपंचायतीनं आणि निवृत्त शिक्षकांनी हात दिल्याशिवाय ते कागदावरच राहील. वडगावनं दाखवलं, की गाव असा हात देऊ शकतं. ज्या गावांनी असा भोंगा सुरू केला आहे किंवा करायचा विचार आहे, त्यांनी त्या दीड तासात अभ्यासासोबत घरातल्या सगळ्यात लहान मुलाशी बोलायलाही सांगावं.

आणि ज्यांच्या घरात वर्षाच्या आतलं बाळ आहे त्यांना विनंती. दवाखान्यातून घरी सोडताना मिळालेलं कार्ड काढा आणि कानाची चाचणी झाल्याची नोंद त्यावर आहे का, ते बघा. नसेल तर पुढच्या लसीच्या दिवशी आशा ताईंना किंवा डॉक्टरांना विचारा, ओएई कुठे होते. मूल मोठं असेल आणि दीड वर्षाचं होऊनही एकही शब्द बोलत नसेल, किंवा दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नसेल, तर कुणी काहीही कारण सांगो, नाक-कान-घसा तज्ज्ञाकडे जाऊन कान तपासून घ्या. या महिन्यातच घ्या.